गाडीच्या पाठीवरचा धर्म

गाडी चालवणाऱ्याला स्वतःच्या गाडीवरची एक गोष्ट चालवताना कधीच दिसत नाही, ती म्हणजे मागच्या काचेवरचं स्टिकर. देव्हाऱ्यातली मूर्ती आपल्याकडे तोंड करून बसते. डॅशबोर्डवरचा छोटा पार्श्वनाथही आपल्याकडेच बघतो. काचेवरचं चिन्ह मात्र मागून येणाऱ्या परक्या माणसासाठी असतं. तो कोण, कुठला, आपल्याला ठाऊक नसतं. तरी आपला धर्म, जात, गुरू, कुलदैवत हे सगळं आपण त्याला सांगत सांगत पुढे जातो. बेळगावच्या चन्नम्मा चौकात सिग्नलला पाच मिनिटं थांबावं लागलं, तर वाचायला भरपूर असतं. एका गाडीवर रागीट हनुमान, शेजारी बसवण्णा, पलीकडे शिवरायांची राजमुद्रा, एका स्कूटीवर ‘जय भीम’, रिक्षाच्या पाठीवर ‘आईचा आशीर्वाद’. त्यातच कुठेतरी आमचं जैन प्रतीक, त्याखाली ‘जय जिनेंद्र’.

आमच्या घरातली मोठी माणसं याला हल्लीचं फॅड म्हणतात. पूर्वी धर्म घरात आणि बस्तीत असायचा, आता तो रस्त्यावर आला, असं त्यांचं म्हणणं. (आमच्याकडे जैन मंदिराला बस्तीच म्हणतात.) मला ते अर्धंच खरं वाटतं. श्रद्धेचं चिन्ह चारचौघांत मांडायचं आणि त्याच्यासोबत आपण कोण हेही सांगायचं, ही रीत फार जुनी आहे. आणि ती सुरू करणाऱ्यांत बायका पुढे होत्या.

मथुरेजवळ कंकाली टीला नावाचं टेकाड आहे. १८८८ ते १८९१ या वर्षांत तिथे मोठं खोदकाम झालं आणि एका जैन स्तूपाचे अवशेष, मूर्ती, शिलालेख यांचा मोठा साठा हाती लागला. त्यात आयागपट नावाच्या कोरीव चौकोनी शिळा आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. कुणावर मधोमध तीर्थंकर, कुणावर स्तूप, कुणावर मोठं स्वस्तिक, आणि भोवती मासे, श्रीवत्स अशी मंगल चिन्हं. पूजेसाठी या शिळा अर्पण करायची पद्धत होती, आणि अर्पण करणारा आपलं नाव त्यावर कोरून घ्यायचा. एका पटावर शिवयशा या बाईचं नाव आहे. ती फगुयश नावाच्या नर्तकाची बायको. दुसऱ्या एकावर वसू आहे, लोणशोभिका या गणिकेची मुलगी. मथुरेच्या इतर दानलेखांत लोहार, अत्तरवाले, तांडे घेऊन जाणारे व्यापारी यांच्या घरच्या बायका भेटतात. पुढच्या कुषाण काळातल्या कित्येक लेखांत तर ज्या साधूच्या सांगण्यावरून दान दिलं, त्याचा गण, कुल आणि शाखाही नोंदवलेली आहे. म्हणजे धर्म कोणता, घर कोणाचं, धंदा काय आणि गुरुपरंपरा कुठली, सगळं एकाच दगडावर. आजच्या गाडीची मागची काच यापेक्षा वेगळं काय सांगते?

फरक एवढाच, की शिवयशा आणि वसू यांनी स्वतःची नावं घातली. आज काचेवर बाईचं नाव आलंच तर ते बहुधा लेकीचं असतं, मुलाच्या नावाशेजारी. गाडी बायकोच्या पैशातून आलेली असली तरी तिचं नाव तिथे मला क्वचितच दिसलं आहे.

ओळखीचा प्रश्न आमच्या मूर्तींनाही पडला होता. चोवीस तीर्थंकर, पण ध्यानमुद्रा एकच, शांतपणा एकच. ऋषभनाथांच्या खांद्यावर रुळणारे केस आणि पार्श्वनाथांच्या डोक्यावरचा नागफणा सोडला, तर कुठला कोण हे मूर्तीवरून सांगणं कठीण. मथुरेत ते लेखातल्या नावावरून कळायचं. पुढे पीठावर लांछन कोरायला सुरुवात झाली. राजगीरच्या वैभार टेकडीवर गुप्तकाळातली नेमिनाथांची मूर्ती आहे, तिच्या पीठावर शंख आहेत. लांछनाच्या सर्वांत जुन्या उदाहरणांत ती धरतात. मग बैल म्हणजे ऋषभनाथ, सिंह म्हणजे महावीर, हे वाचता न येणाऱ्यालाही कळू लागलं. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीतही नेमिनाथच आहेत. ती बस्ती रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ च्या सुमारास बांधली. सांगायचं एवढंच, की एकसारखे दिसणारे वेगळे ओळखता यावेत म्हणून खूण लावायची, हे आम्हाला मूर्तींनी शिकवलं. कारखान्यातून एका साच्यातून निघालेल्या पांढऱ्या गाड्यांना माणसांनी तेच केलं.

पण दगड जागेवर असतो आणि गाडी फिरते. फिरत्या वस्तूवर धर्म कसा चढला, तेही बघण्यासारखं आहे.

नवीन वाहन घरी आलं की कुंकवाचं स्वस्तिक, हार, नारळ, चाकाखाली लिंबू, ही पूजा सगळ्यांचीच. जैनांकडे णमोकार मंत्र म्हणायचा आणि गाडी आधी बस्तीपुढे न्यायची. आमच्या भागातल्या नव्या गाड्या तवंदी घाटापाशी स्तवनिधीलाही जातात. ती पूजा पहिल्या पावसात धुऊन जायची, आणि ते कुणाला खटकतही नव्हतं. कायमची अक्षरं होती ती ट्रकवर. निपाणीची तंबाखू, साखर कारखान्यांची साखर, इचलकरंजीचं कापड वाहणाऱ्या गाड्यांच्या कपाळावर पेंटर ब्रशनं लिहायचे, ‘श्री पार्श्वनाथ प्रसन्न’, ‘श्री बाहुबली प्रसन्न’, ‘श्री पद्मावती प्रसन्न’. मागे ‘हॉर्न ओके प्लीज’. (ते मागचं लिहायला महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये बंदी घातली, कारण म्हणे त्यानं लोक उगाच हॉर्न वाजवतात.) ट्रकवरचं देवाचं नाव हे मालकाच्या श्रद्धेचं होतं, तसं धंद्याच्या पाटीचंही होतं. ते नाव वाचून माल कुणाच्या गाडीतून चाललाय ते अख्ख्या बाजारपेठेला कळायचं.

घरच्या वाहनांवर हे आलं ते चिकटपट्टीच्या कागदातून. मागचा कागद सोलला की चिकटणारं लेबल अमेरिकेत स्टँटन अ‍ॅव्हरी यांनी १९३५ मध्ये काढलं, पण ते आमच्या घरापर्यंत पोहोचलं जत्रेतून. १९९३ साली श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेक झाला तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. मामंजी दोन दिवस बसनं जाऊन आले आणि येताना गोमटेश्वराची दोन स्टिकरं घेऊन आले. एक चेतक स्कूटरच्या डिकीवर लागलं आणि दुसरं फ्रिजवर. यात्रेचं प्रमाणपत्रच म्हणा. पुढे २००६ आणि २०१८ च्या महामस्तकाभिषेकांनाही घरातली माणसं गेली, आणि दर वेळी चिकटवायला काहीतरी आलंच.

मग रेडियम आलं. बेळगावात काय नि कोल्हापुरात काय, नंबर प्लेटच्या दुकानाला ‘रेडियमवाला’च म्हणतात. नाव मोठं गमतीचं आहे. रेडियम हे क्युरी पतिपत्नींनी १८९८ मध्ये शोधलेलं मूलद्रव्य. एके काळी त्याचा रंग घड्याळाच्या काट्यांना देत, ते अंधारात आपोआप चमकत. दुकानातल्या पट्टीत रेडियमचा कणही नसतो. तिच्या पृष्ठभागात काचेचे बारीक मणी असतात, आणि समोरून आलेला उजेड ते आला तसा परत पाठवतात. म्हणजे ही पट्टी स्वतः कधी उजळत नाही, मागच्या गाडीचा दिवा पडला तरच दिसते. दुकानात संगणकाला जोडलेलं कटिंग मशीन आलं आणि पेंटरचा हात गेला. कुठलंही चिन्ह, कुठल्याही मापात, दहा मिनिटांत आणि शंभर-दोनशे रुपयांत. दुकानदाराच्या फाईलमध्ये हनुमान, बुद्ध, मक्का-मदिना, क्रूस, बसवण्णा आणि महावीर एकामागून एक असतात. त्याच्यासाठी सगळे देव सारख्याच भावाचे.

आमचं जैन प्रतीक त्या फाईलमध्ये आलं, त्याचा इतिहास मात्र आमच्या जिल्ह्याशी जोडलेला आहे.

दिवाळी १९७४ ते दिवाळी १९७५ हे महावीरांच्या निर्वाणाचं २५०० वं वर्ष म्हणून देशभर पाळलं गेलं. दिगंबर, श्वेतांबर मूर्तिपूजक, स्थानकवासी आणि तेरापंथी, जे एरवी तीर्थक्षेत्रांच्या ताब्यावरून कोर्टात समोरासमोर उभे राहत, ते त्या निमित्तानं एका मांडवात आले. विनोबांच्या आग्रहामुळे सगळ्यांना मान्य होईल असा ‘समणसुत्तं’ हा संकलित ग्रंथ तयार झाला. पाच रंगांचा एक ध्वज ठरला, आणि एक प्रतीकही ठरलं. या सगळ्यात पुढाकार घेणाऱ्यांत मुनी विद्यानंद होते. त्यांचा जन्म १९२५ चा, शेडबाळचा. शेडबाळ म्हणजे बेळगाव जिल्ह्यातलं, मिरजेहून येताना लागणारं गाव. ज्या चिन्हानं चार पंथ जोडले, त्यामागे सीमाभागातला एक माणूस होता, याचा मला अभिमान वाटतो.

ते चिन्ह नीट पाहिलंय का? बाहेरची आकृती म्हणजे त्रिलोक, कमरेवर हात ठेवून पाय फाकवून उभ्या राहिलेल्या माणसासारखी. वर चंद्रकोरीसारखी सिद्धशिला. त्याखाली तीन ठिपके, म्हणजे सम्यक दर्शन, ज्ञान आणि चारित्र्य. मग स्वस्तिक, ज्याच्या चार भुजा म्हणजे देव, मनुष्य, तिर्यंच आणि नरक या चार गती. खाली उघडा पंजा, पंजात चक्र, चक्रात ‘अहिंसा’. सर्वांत खाली तत्त्वार्थसूत्रातलं एक सूत्र. जीव एकमेकांच्या उपयोगी पडतात, एकमेकांच्या आधारानं जगतात, असा त्याचा आशय. लोकाचा सगळा नकाशा चार बोटांच्या जागेत बसवलाय, पण रस्त्यावर एवढं कोण वाचतो? लोकांना पंजा तेवढा दिसतो. काँग्रेसनं हात हे चिन्ह घेतलं १९७८ मध्ये, म्हणजे आमच्या प्रतीकानंतर. तरी निवडणूक आली की गल्लीतलं एखादं पोरगं विचारतंच, ‘काका, तुम्ही काँग्रेसचे काय?’ अमेरिकेत वेगळीच अडचण. तिकडे स्वस्तिक पाहिलं की लोकांना हिटलर आठवतो, म्हणून तिथल्या जैनांच्या महासंघानं प्रतीकातलं स्वस्तिक काढून त्या जागी ॐ घातला. चिन्ह आपलं असलं तरी त्याचा अर्थ बघणाराही ठरवतो, हे त्यांना परदेशात फार लवकर कळलं.

आता मूळ प्रश्न. हे चिन्ह गाडीवर लावायची गरज आम्हाला इतकी का वाटते?

उत्तर आडनावात आहे. उत्तर हिंदुस्थानात जैन माणूस बऱ्याचदा आडनावच ‘जैन’ लावतो. राजस्थान-गुजरातेतून आलेल्यांची शहा, मेहता, ओसवाल ही आडनावं लोकांना ओळखीची आहेत. आमच्याकडे पाटील, चौगुले, देसाई, मगदूम. ही आडनावं जैनांत आहेत, लिंगायतांत आहेत आणि मराठ्यांतही आहेत. कृष्णा-दूधगंगेच्या काठचे जैन पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी. ऊस, तंबाखू, भुईमूग, म्हशी. पण जैन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पेढीवर बसलेला मारवाडी येतो. मी बी.ए.ला असताना वर्गातल्या मैत्रिणीला माझं खरंच वाटेना. ‘तुमच्यात शेत असतं?’ म्हणाली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, हे शाळेतली मुलं पाठ करतात. ते कुंभोजच्या जैन घरातले, हे सांगितलं की मोठी माणसंही चकित होतात.

हा प्रश्न आमच्या पूर्वजांनी ओळखला होता. १८९९ मध्ये स्तवनिधीला दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. चतुर्थ, पंचम, सेतवाळ, कासार अशा पोटजातींत विखुरलेल्या इथल्या जैनांना एकत्र करायचं, बोर्डिंगं काढायची, पोरांना शिकवायचं, हे तिचं काम. तीच पुढे दक्षिण भारत जैन सभा झाली. जनगणना आली की धर्माच्या रकान्यात ‘जैन’ लिहा, हा निरोप मी लहानपणापासून ऐकत आले. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे साडेचव्वेचाळीस लाख जैन मोजले गेले, हजार माणसांत चारसुद्धा नाहीत. त्यांतले चौदा लाख महाराष्ट्रात आणि साधारण चार लाख चाळीस हजार कर्नाटकात. २०१४ च्या जानेवारीत केंद्र सरकारनं जैनांना राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. एवढ्या थोड्या लोकांना, तेही सामायिक आडनावांच्या, गर्दीत हरवण्याची भीती असणारच. पाटलांच्या गाडीवरचं प्रतीक त्या आडनावात न मावलेली माहिती पुरी करतं. त्यामागे मिरवणं थोडं असेल, पण हरवू नये ही धडपड जास्त आहे.

हीच धडपड बाकीच्यांचीही आहे, हे समजून घेतलं पाहिजे. २०१६ मध्ये मराठा मोर्चे निघाले आणि त्या वर्षी भगवी स्टिकरं गावोगाव दिसू लागली. २०१७ मध्ये लिंगायत हा स्वतंत्र धर्म मानावा या मागणीसाठी बेळगावात मोठा मेळावा झाला, तेव्हा बसवण्णा गाड्यांवर वाढले. रागीट हनुमान २०१५ मध्ये करण आचार्य या कासरगोडकडच्या चित्रकारानं काढला, गावातल्या पोरांना गणेशोत्सवाच्या झेंड्यासाठी हवा होता म्हणून. दोन-तीन वर्षांत तो देशभर पोहोचला. धर्मासोबत धंदाही काचेवर येतो. वकिलाचा पांढरा बँड, ‘प्रेस’, ‘पोलीस’, डॉक्टरचा लाल क्रॉस. लाल क्रॉसचा तसा वापर करायला १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यानं मनाई आहे, पण विचारतो कोण? देव असो की हुद्दा, मागणं बहुतेक एकच असतं, ‘मला ओळखा आणि जरा सांभाळून वागा.’

सरकारला यातलं जेवढं दिसतं तेवढ्यावर ते बोट ठेवतं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे नंबर प्लेटवर इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच हवेत. आमच्या शहरात मराठी आकडे घालणारेही होते आणि कन्नड आकडे घालणारेही. ट्रॅफिक पोलीस दोघांनाही पावती फाडायचे. एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना हाय सिक्युरिटी प्लेट आली, तिच्यावर टिकलीएवढंसुद्धा काही चिकटवता येत नाही. प्लेट हातातून गेली आणि ओळख काचेवर सरकली, असं मला वाटतं. उत्तर प्रदेशात तर गाडीच्या काचेवर जात लिहिणाऱ्यांविरुद्ध २०२० च्या डिसेंबरात कारवाई सुरू झाली. त्यामागे महाराष्ट्रातल्या एका शिक्षकानं केलेली तक्रार होती. २०२५ च्या सप्टेंबरात अलाहाबाद उच्च न्यायालयानंही वाहनांवरचे जातीचे उल्लेख काढायला सांगितलं. मला ते पटतं. जात लिहिलेली काच मागच्याला ओळख सांगत नाही, पायरी दाखवते.

धर्माचं चिन्हही पायरी दाखवू लागतं, ते आमच्यात घडताना मी बघते आहे. १९७४ चं प्रतीक सगळ्यांचं होतं. ते जसजसं सगळ्यांच्या गाडीवर आलं, तसतसं ते पुरेसं वाटेनासं झालं. मग त्याच्या शेजारी दुसरं स्टिकर आलं. नाकोडा भैरव दिसला की समजायचं, घर श्वेतांबर, मूळ राजस्थानकडचं. होंबुजची पद्मावती दिसली की आमच्यातलं. त्यातही कुणाच्या काचेवर कोणत्या महाराजांचा फोटो, यावरून कोण कुणाच्या चातुर्मासाला जातं तेही कळतं. मथुरेच्या दगडावर गण, कुल आणि शाखा होत्या, त्या फिरून काचेवर आल्या. ऐक्याचं चिन्ह वर आणि वाटणीचं त्याच्या खाली.

आमच्या नात्यातल्या एकाचा टेम्पो इचलकरंजी-बेळगाव फिरतो. प्लेट महाराष्ट्राची, मागे ‘जय महाराष्ट्र’ आणि कोपऱ्यात जैन प्रतीक. २०२२ च्या डिसेंबरात सीमाप्रश्न तापला. बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यापाशी महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, आणि पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांवर रंग फासला गेला. त्या आठवड्यात यानं ब्लेडनं खरवडून ‘जय महाराष्ट्र’ काढलं आणि प्रतीक तेवढं ठेवलं. मला म्हणाला, ‘वैनी, ह्याला दोन्हीकडं कोण काय म्हणत नाही.’ खरंच होतं. बेळगावचा जैन मराठी बोलतो, तसा कन्नडही बोलतो. एकाच बस्तीत प्रवचन एका भाषेत आणि पाटी दुसऱ्या भाषेत असते. दोन राज्यांच्या मध्ये सापडलेल्या माणसाला ते चिन्ह आडोशासारखं वाटलं, याला मी नावं ठेवणार नाही. पोटासाठी रोज सीमा ओलांडणाऱ्याची ती सोय आहे.

पण त्या दिवसापासून तो पंजा माझ्या डोक्यात राहिला. तो अभयाचा पंजा आहे. मला मारू नका, असं तो सांगत नाही. माझ्यापासून तुला भय नाही, असं समोरच्याला सांगतो. देणारा मी आणि घेणारा तो. आम्ही गाडीवर लावताना दिशा उलटी केली आणि स्वतःच्या रक्षणासाठी तो वापरायला लागलो. चिन्ह मागे तोंड करून लावलंय ते एका परीनं बरोबरच आहे. ते मागच्या माणसाला, बाजूनं चालणाऱ्याला आणि आडवं येणाऱ्या कुत्र्याला दिलेलं वचन आहे. चालवणाऱ्याला ते दिसत नाही, म्हणून तो विसरतो.

याचं सर्वांत बोचणारं उदाहरण म्हणजे महाराजांचे फोटो. आचार्य विद्यासागर महाराज आमच्या जिल्ह्यातल्या सदलग्याचे, जन्म १९४६ चा. १९६८ मध्ये अजमेरला त्यांची मुनिदीक्षा झाली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत डोंगरगडला त्यांनी देह ठेवला. मधली साडेपंचावन्न वर्षं मध्य प्रदेश, महाराष्ट्र, छत्तीसगड असा केवढा तरी मुलूख त्यांनी अनवाणी पायांनी तुडवला. दिगंबर मुनी वाहनात बसत नाहीत. ईर्या समिती म्हणजे पुढची चार हात जमीन बघून चालायचं, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून. ज्यानं जन्मभर चालण्यातही हिंसा टाळली, त्याचा फोटो ताशी शंभरच्या वेगानं बेंगळुरू-पुणे महामार्गावरून पळत असतो. श्रद्धा खरी आहे, यात मला शंका नाही. वेगही तितकाच खरा आहे.

आणि त्याच महामार्गांवर आमचे साधू, साध्वी, आर्यिका पहाटे विहार करतात. ऊन चढायच्या आत पुढच्या गावी पोहोचायचं म्हणून अंधुक उजेडात निघतात. भरधाव गाडीनं विहारातल्या साध्वींना उडवलं, अशी बातमी दर वर्षी कुठून ना कुठून येतेच. बस्तीत शोकसभा होते, निवेदनं दिली जातात, आणि सभेला आलेल्या गाड्या आपापल्या स्टिकरांसकट घरी जातात.

अलीकडे आमच्या भागातली पोरं विहारात मागे-पुढे चालतात. अंगात पिवळं जाकीट आणि त्यावर चमकणारे आडवे पट्टे. तेच ते रेडियम. गाडीचा दिवा पडला की लांबून लखलखतं आणि ड्रायव्हरला कळतं, पुढे माणसं चालली आहेत. त्या पट्टीवर पंथ नसतो, आडनाव नसतं, राज्यही नसतं. आजवर मी पाहिलेल्या स्टिकरांत मला हे सर्वांत उपयोगाचं वाटलं, आणि जैन प्रतीकाखाली लिहिलेल्या सूत्राच्या सर्वांत जवळचंही.

माझ्या पुतण्यानं मागच्या पाडव्याला गाडी घेतली. मागच्या काचेवर काय लावू, म्हणून तो विचारायला आला. चार-पाच नमुने मोबाईलवर होते. मी नको म्हटलं नाही. आम्ही थोडे आहोत, आमचं नाव दहा जणांत वाटलेलं आहे, त्याला आपण कोण ते सांगावंसं वाटलं तर त्यात वावगं काय? फोटो राहू दे, साधं प्रतीक लाव, असं म्हटलं. मग स्वयंपाकघरात चहा होईपर्यंत त्याला त्या चिन्हातलं एकेक वाचून दाखवलं, सिद्धशिलेपासून पंजापर्यंत. त्याला स्वस्तिकाच्या चार भुजांचा अर्थ माहीत नव्हता. पंजाचा अर्थ त्यानं ‘आशीर्वाद’ सांगितला. म्हटलं, ‘बाळा, तो आशीर्वाद तुला नाही, तू दुसऱ्याला द्यायचास. रस्त्यानं कोण चालत असलं की गाडी हळू करायची. हात दाखवलास की पाळायला लागतं.’

तो हसला, चहा प्यायला आणि रेडियमवाल्याकडे गेला.